तुंब्याची लाखोली

माझी थोरली जाऊ सकवारबाई हिला देवमाणूस म्हणणारे लोक येलहंक्यात पुष्कळ होते. मी त्यांच्यातली नव्हे. मी तिच्याबरोबर एका चुलीवर संसार केला, आणि एका चुलीशी बसणाऱ्या बाईला दुसरी बाई देवमाणूस वाटणं अवघडच. जावा जावा आणि उभा दावा म्हणतात ते उगाच नाही. ती मला आळशी म्हणायची, मी तिला तोंडाळ म्हणायचे, आणि दोघींचंही खरं होतं. अडुसष्ट साली ती गेली. तेव्हापासून घरात भांडायला कुणी उरलं नाही, आणि त्याचं मला वाटलं होतं त्याहून फार जास्त दुःख झालं.

आम्ही बंगळूरकडचे जुने मराठे. आमचे पूर्वज शहाजीराजांच्या फौजेबरोबर इकडं आले असं आमच्यातला प्रत्येक जण सांगतो. घोडा किंवा तलवार मात्र कुणाच्याच घरात सापडत नाही. माझे थोरले दीर मल्हारराव येलहंका स्टेशनात पॉइंट्समन, म्हणजे गाड्यांचे रूळ बदलणारे, होते आणि आमचे हे तिथंच मालधक्क्यावर. घरात मराठी, उंबरा ओलांडला की कन्नड. थोरल्या जावेला मी अक्का म्हणायचे, आणि सगळं गाव तिला तुंबेअक्का म्हणायचं.

एकावन्न साली मी लग्न होऊन आले. अंगावरची हळद निघाली नव्हती तेव्हाच ती मला तळ्याच्या बांधावर घेऊन गेली. म्हणाली, "सोयरे, सासरची माणसं सावकाश ओळख. आधी हे ओळख." गुडघ्याएवढं रोप, चौकोनी दांडा, पान चुरलं की नाकात जाणारा उग्र वास. दांड्याच्या पेरापेराला एक हिरवा गोळा, आणि त्यातून डोकावणारी बारीक पांढरी फुलं. पुण्याकडचे लोक याला कुंभा म्हणतात, वैद्यांच्या पोथीत द्रोणपुष्पी असतं म्हणे. कन्नडात तुंबे, आणि आमच्या घरात तुंबा. पाऊस पडून गेला की बांधावर, शेताच्या कडेला, रुळाजवळच्या खडीत, कुठंही उगवतो. शंकराला हे फूल फार आवडतं. मुंग्यांनाही आवडतं, त्यामुळं खुडताना बोटांना मुंग्या डसायच्या.

आमच्या घरात तुंब्याशिवाय आठवडा जात नव्हता, आणि मला त्याचा मनापासून वीट आला होता. फुलं धरायच्या आधी कोवळा पाला खुडायचा, उकळत्या पाण्यातून काढून घट्ट पिळायचा, मग तूरडाळ, लसूण आणि ओलं खोबरं घालून भाजी. पिळायला मी कंटाळले की भाजी कडू व्हायची आणि माझ्या माहेरचा उद्धार व्हायचा. सर्दीपडशाला पाल्याचं सारू, म्हणजे पातळ सार, वर मिरीची फोडणी. बाळंतिणीला तुपात परतलेली फुलं मिरी-लसणाबरोबर वाटून गरम भातावर. अर्धं डोकं दुखणाऱ्याच्या नाकात पाल्याच्या रसाचे थेंब सोडायची. तो माणूस शिंकून शिंकून बेजार व्हायचा, शिव्या घालायचा, आणि दुसऱ्या वर्षी परत तिच्याच दारात यायचा. विंचू चावला तर पाला ठेचून लेप. वाळलेली रोपं संध्याकाळी घमेल्यात जाळायची म्हणजे डास जातात. डास जायचे की नाही कोण जाणे, आम्ही मात्र खोकत अंगणात जायचो.

पण तिचं खरं नाव होतं ते लहान मुलांच्या खोकल्याच्या औषधासाठी. पाल्याचा रस तान्ह्या पोटाला झेपत नाही, म्हणून मुलांना फुलंच. ओंजळभर फुलं दुधात मंद आचेवर उकळायची, दूध गाळून खडीसाखर घालायची आणि चमच्या-चमच्यानं पाजायचं. फुलं त्याच सकाळची पाहिजेत, कालची चालत नाहीत. शिवाजीनगरातून शिंप्यांच्या बायका बसनं यायच्या, मल्लेश्वरमहून एक वकिलीणबाई मोटारीतून यायची. अक्का सगळ्यांना सारखीच फाडफाड बोलायची. "पोराला पावसात का भिजवलंस? डोळे कुठं गेले होते?" आधी शिव्या, मग औषध, असा तिचा क्रम होता. आमचे हे म्हणायचे, वहिनी औषधाबरोबर शिव्यांची लाखोली फुकट देते.

हे औषध तिनं पहिल्यांदा केलं ते स्वतःच्या मुलाला. हंबीर तिचा एकुलता एक. तान्हा असताना त्याला डांग्या खोकला झाला होता. पोर खोकत खोकत आत श्वास ओढायचं, तो आवाज ऐकवत नव्हता, आणि ओठ निळे पडायचे. तिच्या आईनं कोलारहून येऊन फुलांचं दूध करायला शिकवलं. हंबीर वाचला. अक्काच्या लेखी तो दोघांचा मुलगा होता, मल्हाररावांचा थोडा आणि तुंब्याचा जास्त. ही थट्टा तिचीच. मी आले तेव्हा तो दहा-अकरा वर्षांचा होता. बांधावर आमच्याबरोबर यायचा, फूल उपटून त्याच्या मागच्या टोकातला मध चोखायचा आणि आईच्या परडीत रिकामी फुलं टाकायचा. ती ओरडली की म्हणायचा, "आई, मी गोड तेवढं काढून घेतलं. औषध कडूच बरं."

मोठा झाल्यावर तो पलटणीत गेला, पूल बांधणाऱ्या तुकडीत. आमच्यातली मुलं पलटणीत जातात, त्यात नवल नव्हतं. अक्कानं एवढंच विचारलं, "तिथं जेवायला काय देतात?" तो म्हणाला, "सगळं देतात. तुंबा सोडून." एकसष्टच्या दसऱ्याला तो रजेवर आला. अंगानं भरला होता, मिशी ठेवली होती, आणि ती मिशी पाहून अक्का दोन दिवस हसत होती. जाताना तिनं त्याच्या पेटीत वाळलेल्या तुंब्याची पुडी घातली, थंडीत वाफारा घ्यायला. त्यानंतर आम्ही त्याला पाहिलं नाही.

बासष्टच्या कार्तिकात लढाई पेटली. स्टेशनमास्तरांच्या रेडिओपाशी गर्दी व्हायची आणि मल्हारराव ड्यूटी संपली तरी घरी येत नसत. लढाई थांबली असं रेडिओनं सांगितलं तेव्हा आम्ही देवापुढं साखर ठेवली. हंबीरचं पत्र काही येईना. मार्गशीर्षात तार आली, ती मल्हाररावांनीच स्टेशनात घेतली आणि घरी आणून वाचली. हंबीर बेपत्ता होता.

बेपत्ता हा शब्द फार वाईट. मेला म्हटलं की माणूस रडून मोकळं होतं. बेपत्ता म्हटलं की रडायचीसुद्धा चोरी. रडलं तर अपशकुन, नाही रडलं तर छाती फुटते. चिन्यांनी पुष्कळ जवान धरून नेलेत, ते सुटून येतील असं सगळे म्हणत होते. अक्का तारेकडं बघत बसली आणि मग उठून म्हणाली, "मी लाखोली बोलणार."

आमच्यात संकटाला लाखोली बोलतात. देवाला लाख फुलं किंवा लाख पानं वाहायची. शंकराला बहुतेक बेलाची वाहतात. तळ्याकाठच्या आमच्या महादेवापाशी बेलाची दोन झाडं होती, पुजारीही म्हणाला, बेल वाहा. ती म्हणाली, तुंब्याची वाहीन.

मी तिला तिथंच अडवलं. "अक्का, तुंबा औषधाला लागतो. लोक येतात. बेलाची बोल."

"बेल माझ्या काय कामाचा?" ती म्हणाली. "जे आपल्याला लागत नाही ते देवाला दिलं तर देव काय म्हणेल? ह्याच फुलानं हंबीर मला दिला होता. ह्याच फुलानं परत मागीन."

लाखोलीची आमच्या घराण्याची रीत कडक आहे. ज्या फुलाची बोलली ते लाखोली पुरी होईतो बोलणारीनं खायचं नाही, औषधाला वापरायचं नाही. बोलणारीच्या हातानं खुडलेलं प्रत्येक फूल देवाचं. त्यातलं एक जरी माणसाच्या तोंडात गेलं तरी लाखोली मोडली, मग परत पहिल्या फुलापासून. हे तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक होतं. तरीही तिनं तुंबाच बोलला. मला आजही त्याचा राग येतो. बेल बोलली असती तर पुढचं काही झालं नसतं, असं मी म्हणते, आणि मग माझं मलाच कळतं की बेल बोलणारी बाई सकवारबाई नव्हती.

ती पहाटे तळ्यात बुडी मारून ओलेत्यानं, उपाशीपोटी फुलं खुडायची. एकेक फूल दोन बोटांनी उपसायचं, ते तुटता कामा नये. पहिल्या दिवशी तिनं मोजून हजार फुलं एका वाटीत भरली. मग तीच वाटी माप झाली. एक वाटी वाहिली की देवघराच्या भिंतीवर कुंकवाचं एक बोट. अशी शंभर बोटं झाली की हंबीर येणार, असा तिचा हिशोब होता. तिची बोटं मुंग्यांनी सुजली. त्या सुजलेल्या बोटांनी ती भाकरी थापायची, आणि मी मदतीला गेले की हात झटकायची.

औषधाला येणारे लोक तिनं दारातून परत पाठवले. शिंप्यांच्या बायका गेल्या. वकिलीणबाई गाडीतून उतरून म्हणाली, अक्का, नातवाला स्वल्प तरी द्या. अक्कानं हात जोडले. ती शिव्या न घालता हात जोडते आहे हे बघून मलाच कसंतरी झालं. तिचं तोंड बंद झालं म्हणजे घरातला निम्मा आवाज गेला होता.

पौषात रोपं वाळायला लागली. तुंब्याचा मोसम संपत आला होता, आणि जिथं म्हणून ओल होती तिथलं तिनं खुडून नेलं होतं. पलीकडचं माळरानही राहिलं नव्हतं, तिथं नव्या वसाहतीसाठी जमीन साफ झाली होती. रोज ती लांबवर जायची आणि परडी थोडी हलकी घेऊन यायची. पण भिंतीवर निम्म्याच्या वर बोटं झाली होती. मल्हारराव ड्यूटीवरून आले की आधी त्या भिंतीकडं बघायचे, मग पाय धुवायचे.

आमच्या शेजारी शिवाप्पा म्हणून रेल्वेचा गँगमन होता, बेळगावकडचा. त्याची बायको गंगव्वा आमच्याशी तिकडच्या मराठीत बोलायची. तिला पहिली मुलगी झाली होती, चंपा, वर्षाचीही नव्हती. त्या पौषात चंपाला खोकला लागला. भिंत एकच असल्यामुळं आम्हाला सगळं ऐकू यायचं. पोर खोकत सुटायची आणि मग तो श्वास ओढायचा आवाज. अक्का चुलीपुढं बसलेली असली तर तिचा हात तिथंच थांबायचा. गंगव्वानं दवाखान्यातली बाटली आणली होती, ती पाजून झाली होती. अक्काकडं तिनं मागितलं नाही. लाखोलीचं तिला ठाऊक होतं, आणि ती समजूतदार बाई होती.

पण एका सकाळी ती पोरीला घेऊन आलीच. अक्का नुकतीच बांधावरून आली होती, लुगडं ओलं, परडी हातात. चंपाची मान मागं पडली होती आणि ओठ जांभळे झाले होते.

"अक्का, पोरगी निळी पडाय लागली बघा," गंगव्वा म्हणाली. "दूध पोटात ठरत न्हाई. रडायची बी ताकद न्हाई तिला. म्या मागत न्हाई काही. नुसतं बघा तरी. बघून सांगा, वाचंल का?"

मी परडी उचलली ती माझी, रिकामी, आणि बांधाकडं पळाले. माझ्या हातानं खुडलेलं फूल देवाचं नव्हतं. ती रीत फक्त अक्काला बांधत होती. मी बांध पालथा घातला, मोरीजवळची ओल पाहिली, रुळाच्या कडेला पाहिलं. सगळीकडं नुसते वाळके हिरवट गोळे. अक्कानं एक फूल मागं ठेवलं नव्हतं. माझ्या हाताला लागली ती चिमूटभर फुलं, निम्मी सुकलेली. ती घेऊन मी परत आले तेव्हा मल्हारराव कामावरून येऊन दारात उभे होते आणि गंगव्वा उंबऱ्यावर बसून पोरीची पाठ चोळत होती. अक्का परडी धरून तशीच उभी होती. लुगड्याचं पाणी तिच्या पायाशी साठलं होतं.

माझ्या मुठीतली फुलं तिनं पाहिली. "ह्यानं काय होणार?" ती म्हणाली. मग तिनं चूल पेटवायला घेतली.

मल्हाररावांना कळलं. ते आयुष्यात कधी बायकोवर ओरडले नव्हते, त्या दिवशीही ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, "सकू, हंबीरचं काय?"

ती फुंकर घालत होती. वर न बघता म्हणाली, "हंबीर मोठा आहे. चालत येईल. हिला श्वास घेता येत नाही."

तिनं परडीतली फुलं दुधात घातली. सगळी नाही, ओंजळभरच. पण ओंजळ काय आणि एक फूल काय, मोडायचं ते मोडलं होतं. दूध निवल्यावर तिनं चंपाला मांडीवर आडवी घेतली आणि बोटानं ओठ उघडून चमचा लावला. पोरीनं पहिला चमचा बाहेर टाकला. दुसरा थोडा गिळला. मल्हारराव तोवर तिथंच उभे होते. मग ते वळले आणि न जेवता स्टेशनात परत गेले. पोरगी झोपल्यावर अक्कानं ओलं फडकं घेऊन भिंतीवरची बोटं पुसली. कुंकू चुन्यात मुरलं होतं, नीट निघेना. लालसर डाग राहिला तो राहिलाच.

चंपा बरी झाली. एकदम नाही, महिन्याभरात. रोज सकाळी अक्का लांबवर जाऊन मिळतील तेवढी फुलं आणायची आणि दूध करून भिंतीपलीकडं द्यायची. पुढं बऱ्याच वर्षांनी एका डॉक्टरांनी मला सांगितलं की डांग्या खोकला आपला आपणच जातो, तीनेक महिने घेतो, पोर तेवढं तगलं पाहिजे. म्हणजे फुलांनी काही केलं की नाही देव जाणे. आणि लाखोलीनं काही होतं का, तेही देवच जाणे. पण तिचा दोन्हींवर सारखाच विश्वास होता, आणि त्या सकाळी तिला त्यातलं एकच मिळणार होतं. मी तिच्या जागी असते तर काय केलं असतं हे मला माहीत नाही. विचारू नका.

उन्हाळ्यात चिन्यांनी धरलेली माणसं सुटून यायला लागली. याद्या येत होत्या. मल्हारराव गाडीनं शहरात जाऊन पलटणीच्या छावणीत चौकशी करून यायचे. ते आले की अक्का दारात उभी असायची, आणि ते लांबूनच मान हलवायचे. शेवटची तुकडी आली त्या दिवशीही त्यांनी लांबूनच मान हलवली. रात्रीचं जेवण वाढताना ताटाचा आवाज झाला म्हणून ते चिडले, आणि बोलून गेले, "तू तुझ्या हातानं दिलास त्याला. शेजारच्या पोरीला दिलास."

अक्का कुणाचंही बोलणं ऐकून घ्यायची नाही. स्टेशनमास्तरांना तिनं भर फलाटावर सुनावलं होतं. मी वाट बघत होते की आता ही उसळेल. मल्हाररावांच्या पानात तिनं सारू वाढलं आणि आत गेली. तेव्हा मला कळलं की ते जे बोलले ते ती स्वतःला कधीपासून बोलत होती.

पावसाळा लागला, तुंबा उगवला आणि तिनं लाखोली परत सुरू केली, पहिल्या फुलापासून. याद्यांत नाव नसलं म्हणून काय झालं, ती म्हणायची, याद्या माणसंच करतात. तोवर चंपा रांगायला लागली होती. आमचं दार तिला आवडायचं. ती उंबऱ्याशी आली की अक्का पाठ फिरवायची. कधी हात लावला नाही, कधी नावानं हाक मारली नाही. गंगव्वा बिचारी पोरीला उचलून न्यायची आणि काही मनावर घ्यायची नाही. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, जिला वाचवलं तिचाच एवढा राग? ज्याचं जळतं त्याला कळतं.

श्रावणातल्या एका दुपारी दारात एक तरुण आला. काठी टेकत होता. बुटाच्या पुढच्या भागात कापूस भरला होता, कारण बर्फानं पायाची बोटं गेली होती. मल्हारराव घरीच होते, आमचे हेही होते. तो वाकला आणि म्हणाला, "म्या बसवंत. हंबीरच्या तुकडीतला. धारवाडकडचा हाय. इस्पितळातनं सुटलो, घरी जायच्या आधी हितं आलो."

अक्का देवघरातून बाहेर आली. हातात वाटी होती. ती खाली बसली, वाटी बाजूला ठेवली आणि म्हणाली, "सांग."

त्यानं सांगितलं. आडून आडून सांगणारा मुलगा नव्हता तो. एका नाल्यावरचा पूल मोडून मागं यायचं होतं. हंबीर आणि आणखी दोघं पलीकडं राहिले होते. गोळी छातीत लागली. बसवंत त्याच्यापासून वीस हातांवर होता. हंबीर पडला तो उठला नाही, आणि त्याला आणायला जाता आलं नाही. पुढं बसवंतला चिन्यांनी धरून नेलं, म्हणून हे सांगायला मागं कुणी उरलं नव्हतं.

"कधी?" मल्हाररावांनी विचारलं. त्यांचा आवाज त्यांचा वाटत नव्हता. "दिवस कुठला?"

"कार्तिकात, अण्णा. लढाई थांबायच्या दोन दिवस आदुगर."

मल्हारराव जन्मभर गाड्यांच्या वेळा सांभाळणारा माणूस. त्यांनी बोटांवर मोजलं. कार्तिक, मग मार्गशीर्षात तार, मग लाखोली, मग पौष. त्यांनी परत मोजलं. आणि मग मी माझ्या थोरल्या दिराला पहिल्यांदा रडताना पाहिलं. जमिनीवर बसून ते अक्काचे पाय धरायला गेले. "सकू, तुझ्यामुळं नाही गं. ऐकलंस का? तू लाखोली बोललीस त्याच्या आधीच तो... मी जे बोललो ते... सकू, तुझ्यामुळं नाही."

आम्हा सगळ्यांच्या तोंडून श्वास सुटला, खोटं कशाला सांगू. दुःख होतंच, पण त्या एका बोलण्याचं ओझं घरावरून उतरलं असं वाटलं. मी अक्काच्या खांद्यावर हात ठेवला. मला वाटलं, आता तरी ही रडेल.

ती म्हणाली, "म्हणजे मी थंडीत खुडत होते तेव्हाही तो नव्हताच."

मल्हाररावांनी तिचे पाय सोडले नाहीत.

"माझ्यामुळं गेला असता तर माझ्या हातानं परत आणता आला असता," ती म्हणाली. "मी पहिल्यापासून सुरू केलं होतं ना." आणि तिनं मल्हाररावांचे हात पायांवरून हळूच काढले, जसे झोपलेल्या मुलाचे काढतात.

मग बराच वेळ तिनं बसवंतकडं पाहिलं. त्याचे बूट, काठी, गालाची हाडं. तिनं हंबीर शेवटी काय बोलला ते विचारलं नाही. माझी आठवण काढली का, तेही विचारलं नाही. विचारलं ते हे, "त्या दिवशी जेवला होता का तो?"

बसवंतनं मान खाली घातली. मल्हारराव त्याच्याकडं बघत होते, आमचे हे बघत होते, आणि आम्हा सगळ्यांची एकच इच्छा होती की पोरा, एवढं एक खोटं बोल.

"न्हाई आई," बसवंत म्हणाला. "त्या दिवशी न्हाई. आदल्या दिवशी बी न्हाई. वर काही पोचलंच नव्हतं."

अक्का उठली. तिनं चुलीवरच्या भांड्याचं झाकण काढलं. रागीचे मुद्दे, नाचणीच्या उकडीचे गोळे, नुकतेच झाले होते, हुरळीची, म्हणजे कुळथाची, आमटी होती. पाट मांडला, ताट घेतलं आणि बसवंतला हात धरून पाटावर बसवलं. तो म्हणाला, स्टेशनात खाऊन आलो, आई. ती म्हणाली, जेव.

तो जेवला. एक मुद्दा संपला, तिनं दुसरा घातला. त्यावर आमटी, तूप. दुसरा संपत आला, तिनं तिसरा घातला. त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी डोळ्यांनीच सांगितलं, नाही म्हणू नको. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो घास गिळत होता. ती समोर पळी धरून बसली होती. तिचे डोळे कोरडे होते, त्याच्या हातावर, ताटातून तोंडाकडं जाणाऱ्या हातावर लागलेले. त्यानं शेवटी ताटावर हात आडवा धरला तेव्हा तिनं तो हात बाजूला केला.

"पुरे म्हणू नकोस रे," ती म्हणाली. "आजच्या दिवस पुरे म्हणू नकोस."